म्हातारीला कळलं पाहिजे: रिद्धपूरपासून तुमच्या कीबोर्डपर्यंत

हेडफोन कानातच राहू द्या, पण एक मिनिट फोन हातात घ्या. कीबोर्ड मराठी करा आणि ‘ॲप’ हा शब्द टाइप करा. दोनच अक्षरं आहेत. पण ते पहिलं अक्षर, ‘अ’च्या डोक्यावर अर्धचंद्र असलेलं, शोधायला किती वेळ लागला? कुणाला लगेच सापडलं असेल, कुणी अजून बटणं दाबून बघत असेल, आणि कुणी कंटाळून ते इंग्रजीतच लिहून मोकळं झालं असेल.

आजची गोष्ट हीच आहे. मोठमोठ्या कंपन्यांच्या शर्यतीत मराठी आपल्या फोनवर कशी आली, तिला कुणी आत घेतलं आणि तिच्यासाठी दार इतका काळ बंद का होतं. गोष्ट आहे इंटरनेटची, पण सुरुवात करू या रिद्धपूरपासून.

वऱ्हाडातल्या पोट्ट्यांना रिद्धपूर कुठे आहे ते सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: अमरावती जिल्हा, मोर्शी तालुका. महानुभाव पंथाचं हे मोठं तीर्थस्थान. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथे राहिले. चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या त्यांच्याकडून गोळा करून म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं ते इथेच, साधारण १२७८ च्या सुमारास. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मानला जातो. २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ याच गावात सुरू झालं, ते उगीच नाही.

त्या काळातला एक प्रसंग पंथाच्या परंपरेत जपलेला आहे. केसोबास हे संस्कृतचे मोठे जाणकार. पंथाचं ज्ञान संस्कृतात लिहावं असं त्यांच्या मनात होतं. आचार्य नागदेवांनी त्यांना अडवलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की तुम्ही संस्कृतात लिहाल तर माझ्या म्हाताऱ्या बायांचं काय? त्या बिचाऱ्या कोरड्याच राहतील. झालं, ग्रंथ मराठीत लिहायचे हे ठरलं.

बघा मंडळी, आजच्या भाषेत बोलायचं तर नागदेवाचार्यांनी ‘आपला वापरकर्ता कोण’ हा प्रश्न साडेसातशे वर्षांपूर्वी सोडवला होता. विद्वानाची सोय बघायची नाही, म्हातारीची बघायची.

पण पुढे एक उलटी गोष्ट घडली. याच पंथाने नंतरच्या काळात आपल्या पोथ्या सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. सकळ, सुंदरी अशी त्या लिप्यांची नावं. भाषा मराठीच, पण अक्षरांची अदलाबदल केलेली. किल्ली ज्याच्याकडे त्यालाच वाचता येणार. यामागे भीती होती, श्रद्धा होती, पवित्र मजकूर जपायची काळजी होती. त्याने पोथ्या टिकल्याही. पण किंमत मोठी होती: मराठीचं सगळ्यात जुनं गद्य शेकडो वर्षं पंथाबाहेरच्या मराठी माणसाला वाचताच आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि हळूहळू हे ग्रंथ सगळ्यांसमोर आले.

ही दोन चित्रं मनात ठेवा. एक, म्हातारीसाठी उघडलेलं दार. दुसरं, किल्लीवाल्यापुरतं उघडणारं दार. आता थेट १९९० च्या दशकात येऊ.

तेव्हा कॉम्प्युटरवर मराठी लिहायची तर फॉन्ट विकत घ्यायचा. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकचं आयएसएम. मराठीतले पेपर, पत्रिका, सरकारी परिपत्रकं, सगळं यांच्यावर चालायचं. या लोकांनी काम मोठं केलं, कारण परदेशी कंपन्यांना तेव्हा मराठीची फिकीर नव्हती. पण यातल्या बहुतेक फॉन्टांची युक्ती अशी होती की इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. कृतिदेवमध्ये तुम्ही ‘मराठी’ लिहिलंत, तरी कॉम्प्युटरच्या पोटात साठायचं ई, जे, के, बी, एच. फॉन्ट असेल तर ‘मराठी’ दिसणार, नसेल तर ती पाच इंग्रजी अक्षरं. आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी! एका फॉन्टमधली फाइल दुसऱ्या फॉन्टमध्ये उघडली की नुसता गोंधळ.

म्हणजे काय झालं? प्रत्येक कंपनीची आपापली सकळ लिपी. फरक एवढाच, की महानुभावांनी कुलूप लावलं पोथी जपायला आणि इथे कुलूप लागलं ते गिऱ्हाईक आपल्याकडेच राहावं म्हणून.

माझ्या मामांनी १९९९ साली आमच्या गावाच्या यात्रेची माहिती टाइप करून घेतली होती. चाळीसेक पानं. जुन्या माणसांना विचारून विचारून लिहिलेली. मामा गेले, सीडी राहिली. मी उघडली तेव्हा पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा. दोन रात्री कन्व्हर्टर लावून बसलो तेव्हा बराच मजकूर परत आला, पण जोडाक्षरं जागोजागी फुटलेली. ज्यांना विचारून दुरुस्त करावं ती माणसं आता नाहीत. तुमच्याही घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत अशा फाइली पडलेल्या असतील.

या कुलपांवरचा उपाय आला तो कुठल्या एका कंपनीकडून नाही, तर एकमेकांच्या स्पर्धकांनी एकत्र बसून केलेल्या कामातून. झेरॉक्स आणि ॲपलमधल्या काही इंजिनियरांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी विचार मांडला, की जगातल्या प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला एक कायमचा क्रमांक द्यायचा. कॉम्प्युटर कुणाचाही असो, क्रमांक तोच. त्याचं नाव युनिकोड. १९९१ मध्ये त्याची संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षीच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. ही देवनागरीची मांडणी भारतात आधीच तयार झालेल्या ‘इस्की’ या सरकारी मानकावर बेतलेली होती. बाजारात एकमेकांचे गळे धरणाऱ्या कंपन्या अक्षरांच्या बाबतीत मात्र एका टेबलावर बसल्या, कारण प्रत्येकाने वेगळा क्रमांक लावला तर सगळ्यांचंच नुकसान होतं.

मग मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० मध्ये देवनागरी आली, ‘मंगल’ नावाच्या फॉन्टसह. तो ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी, मराठी कवी, सुलेखनकार आणि आयआयटी मुंबईतले प्राध्यापक.

आणि आपला ‘ॲ’? तो युनिकोडमध्ये आला २००८ मध्ये. ‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘ॲडमिशन’ हे शब्द मराठीत किती वर्षांपासून होते, पण त्या अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळायला देवनागरीच्या पहिल्या प्रवेशानंतर सतरा वर्षं गेली. तोवर ‘अ’ला वेगळा अर्धचंद्र चिकटवून लोक काम भागवत होते. देवनागरी आली म्हणजे हिंदीची सोय झाली. मराठीची स्वतःची म्हणून जी गरज होती, ती मागून भरून काढावी लागली.

कॉम्प्युटरचं हे असं. पण रिद्धपूरसारख्या गावात कॉम्प्युटर होते किती? तिथे पोचला तो मोबाइल. नोकिया ११०० आठवतो का? २००३ मध्ये आला, टॉर्चवाला. त्यावर एसएमएस करायचा आपण. एसएमएसचं मानक युरोपात ठरलं, आणि त्यात एका संदेशात इंग्रजीची १६० अक्षरं मावतात. मराठीत लिहाल तर ७० च! ‘रिद्धपूर’ हा शब्द डोळ्याला चार अक्षरांचा दिसतो, पण मोबाइल वेलांटी, उकार, पाय मोडायची खूण असं सगळं वेगळं मोजतो, म्हणजे झाले आठ. त्या सत्तरात आठ इथेच संपले. म्हणून मराठीतला निरोप दोन संदेशांत जाणार, पैसे दुप्पट. आपली पिढी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला शिकली, त्याला लोक आळस म्हणतात. मला वाटतं त्यात हिशोब जास्त होता.

मग आले सुरुवातीचे अँड्रॉइड फोन. मराठी बातमी उघडली की पडद्यावर नुसते चौकोन. तेव्हा पोरांपोरांत एक जुगाड फिरायचा: ऑपेरा मिनी टाका, त्याच्या आतल्या सेटिंगमध्ये जा आणि अवघड लिप्यांसाठी चित्रांचे फॉन्ट चालू करा. ऑपेराचा सर्व्हर मजकुराचं चित्र बनवून पाठवायचा. शोधता येत नव्हतं, कॉपी करता येत नव्हतं, पण वाचता तर येत होतं!

आता गंमत बघा. मोठ्या कंपन्या थांबलेल्या असताना मैदानात उतरलं कोण? आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेली काही मुलं. राकेश देशमुख आणि त्यांच्या साथीदारांनी अँड्रॉइडवरच बेतलेली ‘इंडस ओएस’ बनवली. २०१५ पासून ती मायक्रोमॅक्सच्या स्वस्त फोनवर मिळू लागली. मेन्यू मराठीत, कीबोर्ड मराठीत, पडद्यावरून बोट फिरवलं की इंग्रजी संदेशाचं भाषांतर. ईमेल आयडी नसला तरी ॲप घेता यायचं. ही शेवटची गोष्ट फार मोलाची, कारण आमच्याकडे कित्येकांचा पहिला ईमेल आयडी मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेला, आणि पासवर्ड त्यालाच ठाऊक! बाजार मोजणाऱ्यांच्या आकड्यांत २०१६ च्या सुमारास ही इंडस भारतात अँड्रॉइडनंतर दुसऱ्या क्रमांकावर होती, ॲपलच्याही पुढे.

मग ती गेली कुठे? दोन बाजूंनी चेपली गेली. चिनी फोनांनी मायक्रोमॅक्सचा बाजार खाल्ला. आणि गूगलने तोवर स्वतःच मराठी आत घेतली होती: २०१३ मध्ये भाषांतरात, २०१४ च्या अँड्रॉइड लॉलीपॉपमध्ये फोनच्या मेन्यूत, २०१७ मध्ये बोलून टाइप करण्यात. इंडस पुढे फोनपेने विकत घेतली, आणि २०२४ मध्ये ‘इंडस ॲपस्टोअर’ या नावाने ती पुन्हा दिसली, या वेळी गूगलच्या प्ले स्टोअरला टक्कर द्यायला.

गूगलला एकाएकी मराठीचं प्रेम का आलं? त्याचं उत्तर तारखांमध्ये आहे. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. जिथे एक जीबीला अडीचशेच्या आसपास रुपये लागायचे तिथे डेटा आधी फुकट आणि मग कवडीमोल झाला. सहा महिन्यांच्या आत जिओचे दहा कोटी ग्राहक झाले. बाकीच्या कंपन्यांना दर पाडावे लागले, व्होडाफोन आणि आयडियाला २०१८ मध्ये एक व्हावं लागलं. २०१७ मध्ये गूगल आणि केपीएमजीच्या अहवालाने आकडा दिला: भारतीय भाषांत इंटरनेट वापरणारे २३.४ कोटी, इंग्रजीत वापरणारे १७.५ कोटी. पुढचा ग्राहक इंग्रजी येणारा नाही, हे सगळ्यांना कळून चुकलं. सरकारनेही नियम आणला, की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक फोनवर २२ भारतीय भाषा वाचता आल्या पाहिजेत. २०१८ मध्ये गूगलची जाहिरातसेवा मराठी वेबसाइटींसाठी खुली झाली, म्हणजे मराठीत लिहून चार पैसे मिळायची सोय झाली.

थोडक्यात, कंपन्यांना म्हातारी आठवली ती तिच्या हातात रिचार्जचे पैसे आले तेव्हा. नागदेवाचार्यांना ती त्याआधीच आठवली होती. मी कंपन्यांना दोष देत नाही, धंदा आहे तो. पण यातून एक गोष्ट नीट समजून घ्या: स्पर्धा दार उघडते, पण पलीकडे गिऱ्हाईक उभं असेल तेवढंच. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत गुरुजी आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे, पण तो दुसरा ‘ऱ्य’ आजही किती कीबोर्डांवर लपून बसलेला असतो. आणि आमची वऱ्हाडी? माझी आजी फोनला विचारते, ‘पाणी काहून नाई येऊन राह्यलं आज?’ फोन भलतंच काहीतरी लिहितो. आजी म्हणते, ‘याले आपलं बोलणं नाई समजत बापा,’ आणि फोन खाली ठेवते.

आता पुढची शर्यत आवाजाची आणि एआयची आहे. २०२४ मध्ये गूगलचं जेमिनी ॲप मराठीत आलं, बाकीचेही मागे नाहीत. ही यंत्रं शिकतात ती उपलब्ध मजकुरावर आणि आवाजावर. जे कुलपात आहे ते त्यांना दिसत नाही, जे कुणी नोंदवलंच नाही ते त्यांच्या लेखी नाहीच.

म्हणून आज दोन कामं देतो. घरात जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल असेल तर ती युनिकोडमध्ये आणा, जिला माहिती आहे ती माणसं हयात आहेत तोवर तपासून घ्या. आणि आजी-आजोबांना त्यांच्या बोलीत काहीतरी सांगायला लावा, रेकॉर्ड करा, मग ऐकून देवनागरीत उतरवा. म्हाइंभटांनी केलं ते हेच, माणसांकडे जाऊन विचारलं आणि लिहून ठेवलं. त्यांच्याकडे मोबाइल नव्हता. आपल्याकडे आहे.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, ‘ॲप’मधला तो ‘ॲ’ सापडला का?