धूर दिसला, अग्नी कुठे? : एका एकवीस अंकी संख्येची गोष्ट

मंडळी, न्यायशास्त्रातलं ते जुनं उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. डोंगरावर धूर दिसला की अग्नी आहे एवढं कळतं. पण तो डोळ्यांना दिसलेला नसतो. अनुमान आणि प्रत्यक्ष यांतला हा भेद आज गणिताच्या इतिहासात बघू.

ही संख्या घ्या: १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. २ चा ६७ वा घात करून त्यातून १ वजा केला की ही मिळते. १६४४ साली मारँ मर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने अशा प्रकारच्या मूळ संख्यांची यादी छापली. मूळ म्हणजे १ आणि स्वतः यांखेरीज कशानेही भाग न जाणारी. त्या यादीत ६७ चा घात होता. सिद्धता मात्र दिलेली नव्हती.

१८७६ साली एदुआर लुकासने सिद्ध केलं की ही संख्या मूळ नाही. पण गंमत बघा, तिचा एकही अवयव त्याला सापडलेला नव्हता! हे कसं शक्य आहे? त्याच्या कसोटीचं लेमरने पुढे सोपं केलेलं रूप असं: ४ पासून सुरुवात करा, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, पुन्हा तेच. घातापेक्षा दोन कमी इतक्या पायऱ्यांनंतर बाकी शून्य आली, तरच संख्या मूळ. ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १, म्हणून तीन पायऱ्या. ४ वरून १४. १४ वरून १९४, बाकी ८. ८ वरून ६२, बाकी शून्य. ३१ मूळ ठरली. आपल्या संख्येला अशा ६५ पायऱ्या लागतात, आणि शेवटी शून्य येत नाही. हा झाला धूर.

अग्नी दाखवला फ्रँक नेल्सन कोल याने, ऑक्टोबर १९०३ मध्ये, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बैठकीत: १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७. तो एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून जागेवर बसला, आणि या शोधात त्याचे तीन वर्षांचे रविवार गेले, असं ई. टी. बेल यांनी पुढे लिहिलं. बेल गोष्टी रंगवून सांगत, तेव्हा मौनाची कथा जपूनच घ्यावी. गुणाकाराला मात्र बेलची साक्ष लागत नाही.

मग प्रश्न असा: उत्तर आधीच ठाऊक होतं, तर कोलचे रविवार वाया गेले का? मला तसं वाटत नाही. लुकासचं म्हणणं पटायला त्याचा सिद्धान्त समजावा लागतो. कोलचं उत्तर शाळकरी मुलगीसुद्धा कागद-पेन्सिल घेऊन तपासू शकते. शोधायला वर्षं, तपासायला तासभर. याच विषमतेवर १९७७ पासून आरएसए नावाची गुप्तलेखनाची पद्धत उभी आहे.

लुकासने आपल्याला सत्य दिलं. कोलने ते तपासण्याचा अधिकार सर्वांच्या हाती दिला. ज्ञानाला दोन्ही लागतं. घरी गेल्यावर तो गुणाकार करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.