शब्दवेध : चर्चगेट

चर्चगेट म्हटले की लोकलचे शेवटचे स्थानक आठवते. पण ज्या दरवाजाचे हे नाव, तो स्थानकापाशी नव्हताच. मुंबईच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते: अपोलो, बाजार आणि चर्च. १७१८ साली सुरू झालेल्या सेंट थॉमस चर्चकडे नेणारा तो चर्चगेट. आजच्या फ्लोरा फाउंटनच्या परिसरात. चर्च ते दरवाजा ही सरळ वाट म्हणजे चर्चगेट स्ट्रीट. १८६०च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी तटबंदी पाडली. चर्चगेट स्ट्रीट म्हणजे आज हॉर्निमन सर्कलपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जाणारा वीर नरिमन मार्ग. जुन्या किल्ल्याचा आराखडा इतका स्पष्ट सांगणारा रस्ता मुंबईत विरळाच. फ्लोरा फाउंटनजवळच्या हुतात्मा चौकातून पूर्वेकडे चालत जा. पाच-सात मिनिटांत चर्च लागते.