गुप्तरोगांची तपासणी आणि ‘घर’ : लोअर परळच्या अनुषंगाने

गुप्तरोगांची तपासणी आता घरच्या घरी करता येते, ही गोष्ट सामान्यतः वैद्यकाच्या प्रगतीतील एक टप्पा म्हणून सांगितली जाते. इतिहासाच्या अभ्यासकाने तिच्याकडे थोड्या निराळ्या दृष्टीने पाहावयास हवे. परीक्षा कोठे होते यापेक्षा तिचा निकाल प्रथम कोणाच्या हाती पडतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आणि मुंबईच्या गेल्या दीडशे वर्षांत त्याचे उत्तर अनेकदा पालटलेले दिसते. प्रस्तुत निबंधात लोअर परळ व त्याच्या भोवतीचे गिरणगाव नजरेसमोर ठेवून या पालटाचा मागोवा घ्यावयाचा आहे.

आरंभ सक्तीपासून झाला. लष्कर व आरमार यांच्या रक्षणार्थ इंग्लंडात १८६४ पासून जे सांसर्गिक रोगांचे कायदे झाले, त्यांच्या धर्तीवर हिंदुस्थान सरकारने १८६८ चा चौदावा कायदा केला. मुंबईत तो १८७० मध्ये लागू झाला, खर्च कोणी सोसावा या वादात १८७२ मध्ये थांबला, १८८० मध्ये पुन्हा सुरू झाला आणि १८८८ मध्ये कायमचा गेला. वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रीने नाव नोंदवावे, ठराविक मुदतीने अंगाची तपासणी करून घ्यावी, रोग आढळल्यास लॉक हॉस्पिटलात बंदिस्त राहावे, असा त्याचा सारांश होता. तिच्याकडे येणाऱ्या पुरुषाची तपासणी मात्र कायद्याच्या कक्षेतच नव्हती. पुष्कळ स्त्रियांनी नोंदणी चुकविली, यात नवल नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कायदा झाला तेव्हा या रोगांपैकी एकाचाही जंतू कोणास ठाऊक नव्हता. परम्याचा जंतू नाइसरने १८७९ मध्ये दाखविला. उपदंशाचा शाउडिन व हॉफमान यांना १९०५ मध्ये सापडला. वासरमानची रक्तपरीक्षा १९०६ ची. म्हणजे ज्या तपासणीच्या आधारे स्त्रियांना कोंडले जाई, ती केवळ डोळ्यांनी केलेली पाहणी होती. बाहेर खूण न दाखविणारा रोग तीतून सुटे, आणि निरुपद्रवी विकाराची स्त्री अडके. तिला ‘चाचणी’ म्हणणे म्हणजे शब्दाचा उदार उपयोग होय.

रक्ताची परीक्षा शक्य झाली तेव्हा परळ हा मुंबईतील जंतुशास्त्राचा मुख्य परिसर बनला होता. जुन्या गव्हर्नमेंट हाउसात १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेग संशोधनशाळा आली. १९२५ पासून तिला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. के. ई. एम. रुग्णालय व नौरोजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ ची. प्रयोगशाळेमुळे निकाल पोलिसांच्या हातून डॉक्टरच्या हाती गेला, हे खरे. परंतु तो निर्दोष झाला असे नव्हे. वासरमानची परीक्षा, आणि १९४६ मध्ये पुढे आलेली व्ही. डी. आर. एल. परीक्षाही, हिवताप किंवा कुष्ठरोग असलेल्या मनुष्यात उपदंश नसतानाही होकारार्थी येऊ शकते. हिवतापाच्या मुंबईत या मर्यादेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आता ज्या वस्तीतून रोगी येत ती पाहू. गिरणीकामगारांचा मोठा वर्ग कोकण, सातारा या बाजूंनी एकटाच येई; कुटुंब गावी असे. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ५०० हून थोड्याच अधिक होत्या. एकेका खोलीत अनेक पुरुष पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. डिलाइल रोडच्या बी. डी. डी. चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावरचा सामाईक. कोणाला ‘गरमी’ झाली, कोण डॉक्टरकडे गेला, हे लपविणे अशा खोलीत अशक्यप्राय होते. गुप्तता हवी असेल तर घराबाहेर पडावे लागे. सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोग व गुप्तरोग यांचा विभाग एकच ठेवण्याची प्रथा आहे. खरजेचे निमित्त सांगून तेथे जाता येते, हा तिचा अलिखित उपयोग मला दुर्लक्षणीय वाटत नाही. गरोदर स्त्रीच्या रक्ताची परीक्षा नित्याची झाली तेव्हा मात्र निराळेच घडले. नवऱ्याने बाहेरून आणलेला रोग प्रथम बायकोच्या कागदावर उमटू लागला, आणि संशयही तिच्यावरच आला.

घरी बसून निनावीपणे या विषयाची माहिती मिळविण्याचा मराठीतील पहिला ठळक मार्ग टपालाचा होता. र. धों. कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ ते १९५३ पर्यंत चालविले. वाचकांच्या खाजगी शंकांना ते त्यात उघड उत्तरे देत. अशा उत्तरांवरूनच १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले. आंबेडकर परळच्या बी. आय. टी. चाळीत अनेक वर्षे राहिलेले होते, हा योगायोग असला तरी बोलका आहे. खटला हरला आणि कर्व्यांना दंड झाला.

एड्सच्या काळात जुनी सक्ती पुन्हा डोके वर काढताना दिसते. गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्याच्या रक्तात एच. आय. व्ही. आढळल्याचे सरकारला आधी कळले, त्याला मागाहून. पोलिसांनी त्याला नेले आणि सार्वजनिक आरोग्याच्या कायद्याखाली ६४ दिवस एकांतात ठेवले. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली; न्यायालयाने मात्र कायदा ग्राह्य ठरविला. लॉक हॉस्पिटलाची प्रथा शंभर वर्षांपूर्वी संपली असे मानणाऱ्याने हे प्रकरण अवश्य अभ्यासावे. २०१७ चा एच. आय. व्ही. व एड्स कायदा, जो २०१८ मध्ये अमलात आला, तो या अनुभवांच्या उलट दिशेचा आहे: माहितीपूर्वक संमतीवाचून तपासणी नाही, आणि काही अपवाद सोडता संमतीवाचून निकालाचा उच्चार नाही.

अमेरिकेत एच. आय. व्ही. ची स्वतः करावयाची चाचणी २०१२ मध्ये दुकानात विक्रीस मंजूर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये तिची शिफारस केली. उपदंशाची तशी चाचणी अमेरिकेतच २०२४ मध्ये आली. प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन रक्त नेतो तो प्रकार याहून भिन्न होय, कारण त्यात नाव व निकाल दोन्ही दुसऱ्याच्या दप्तरी राहतात. पट्टीवरची रेघ मात्र प्रथम रोग्यालाच दिसते. तिच्याही मर्यादा आहेत. संसर्गानंतरच्या आरंभीच्या काळात ती नकार देऊ शकते, उपदंश बरा झाल्यावरही होकार देऊ शकते, आणि होकार आल्यास प्रयोगशाळेतील खात्रीची परीक्षा करावीच लागते. परंतु मला अधिक गंभीर वाटतो तो निराळा प्रश्न. २०१७ च्या कायद्याने तपासणारा आणि तपासला जाणारा अशी दोन माणसे गृहीत धरली आहेत. घरात ती एक होतात; अथवा तपासणारा नवरा किंवा सासू होते. सुनेला पट्टी हातात देऊन ‘आमच्यासमोर कर’ असे म्हणणाऱ्या घरात संमती कोण नोंदविणार? घरातील हा धाक १८६८ च्या पोलिसी धाकाइतकाच जाचक ठरू शकतो, आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

लोअर परळपुरते बोलावयाचे तर हा प्रश्न अखेर खोलीच्या आकाराशी येऊन ठेपतो. जवळच्या वरळीतील बी. डी. डी. चाळींच्या पुनर्विकासातील पहिली ५५६ घरे ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांच्या हाती पडली. जुन्या १६० चौरस फुटांच्या जागी ती ५०० चौरस फुटांची आहेत, आणि न्हाणीघर व संडास आता घराच्या आत आहेत, दाराला आतून कडी आहे.