दाखोबाईंची साक्ष



वडील गेल्यावर वर्षश्राद्धाचा प्रश्न आपल्याकडे नसतो, पण वारसनोंदीचा असतोच. धाकटा भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन आला आणि म्हणाला, "अक्का, सही कर. आत्तीनं केली होती, मावशीनं केली होती. आपल्यात अशीच रीत आहे." मी पेन उचललंही होतं. शेजारी बसलेल्या लेकीनं विचारलं, "ही रीत ठरवली कुणी?"

मला उत्तर आलं नाही. पेन खाली ठेवलं आणि शोधायला लागले. त्यात भेटल्या दाखोबाई.

दीडशे वर्षांपूर्वीची गोष्ट. उत्तर हिंदुस्थानातली सरावगी जैन समाजातली ही विधवा. तिला मुलगा नव्हता. नवऱ्याच्या मिळकतीवर तिचा हक्क किती आणि तिला दत्तक घेता येतो का, यावरून खटला उभा राहिला. तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि 1878 साली निकाल लागला.

त्या काळी हिंदू विधवेला नवऱ्याची मिळकत मिळाली तरी ती हयातीपुरती. खास गरज असल्याशिवाय विकता येत नसे आणि तिच्यामागे ती नवऱ्याच्या वारसांकडे जाई. दाखोबाईंचं म्हणणं होतं, आमच्यात तसं नाही. कोर्टानं नुसती पोथी उघडली नाही. समाजातल्या लोकांच्या जबान्या पाहिल्या: तुमच्यात विधवा काय करतात? घर विकतात का? दत्तक घेताना कुणाची परवानगी मागतात का?

निकाल दाखोबाईंच्या बाजूनं लागला. निपुत्रिक सरावगी विधवा नवऱ्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीची पूर्ण मालकीण आहे आणि नवऱ्याच्या परवानगीशिवाय ती दत्तक घेऊ शकते, असं ठरलं. यामागे धर्माचा धागाही आहे. आपल्यात पिंडदान नाही. प्रत्येक जीव आपापलं कर्म भोगतो; मुलानं पिंड दिल्यानं बापाला गती मिळते असं आपण मानत नाही. म्हणून आपल्याकडे दत्तक हा परलोकाचा विषय नाही, संसाराचा आहे.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. त्याआधी पाचच वर्षं, 1873 साली, मुंबई हायकोर्टानं म्हटलं होतं की जैनांना हिंदू कायदाच लागू होईल. वेगळी रूढी असेल तर ती सिद्ध करून दाखवा. म्हणजे जी रीत कुणी जगून दाखवली नाही, किंवा जगली पण कुणी सांगितली नाही, ती कोर्टाच्या लेखी नव्हतीच. पुढं 1926 साली बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी जुन्या ग्रंथांच्या आधारे 'जैन लॉ' हे पुस्तक लिहिलं, ते याच कळकळीतून.

मला यात एक गोष्ट उमगली. समाजाचे नियम कुणी एका दिवशी बैठक घेऊन ठरवत नाही. दाखोबाईंच्या आधी कितीतरी अनाम बायकांनी आपलं घर विकलं, दुकान सांभाळलं, भाच्या-नातवाला मांडीवर घेतलं. कायदा बदलावा म्हणून नव्हे, संसार चालवायला. त्यांचं ते वागणंच पुढं साक्ष ठरलं.

मग माझी सहीसुद्धा साक्षच की! आत्तीची, मावशीची, माझी अशा सह्या जमत गेल्या, की लेकीला सांगायला रीत तयार.

कायदा तर कधीच पुढं गेला. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं, जो आपल्यालाही लागू आहे, स्त्रीला मिळालेल्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. महाराष्ट्रानं त्या दिशेनं 1994 सालीच पाऊल टाकलं होतं. कागदावर सगळं आहे. अडतं ते आपल्या सोप्यावर, चहाचा कप हातात असताना.

भाऊ म्हणाला, "अक्का, तू तर अपरिग्रहाचं व्रत सांगतेस." मी म्हटलं, "सांगते रे. पण व्रत घ्यायचं असतं, दुसऱ्याला घालायचं नसतं. आणि आपलं काय आहे हेच ठाऊक नसेल, तर त्याग कशाचा?"

तो न जेवता गेला. दोन महिने फोन नाही. मला झोप लागत नव्हती, हे लपवत नाही. आईबाबांचं आजारपण त्यानं आणि वहिनीनं काढलं, हेही खरं आहे. तो न्यायही तराजूत पडायला हवा.

दशलक्षण पर्वानंतर क्षमावाणीला मीच फोन केला. आधी तो गप्प, मग म्हणाला, "ये अक्का, सातबारा घेऊन बसू." बसलो. राहतं घर आणि विहिरीजवळचा तुकडा त्याचा, हे मी आपणहून म्हटलं. उरलेल्या जमिनीत माझं नाव लागलं.

फेरफाराचा कागद लेकीला दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे रीत अशी ठरते होय!"

तुमच्यापुढं असा कागद आला, तर सही करा किंवा करू नका. पण आधी वाचा, बायांनो.