नंदुरबार जिल्ह्यातील भूजलाचे भूभौतिक सर्वेक्षण

खडकांचे विद्युत व चुंबकीय गुणधर्म मोजून, प्रत्यक्ष खोदण्यापूर्वी, उथळ भूजलाचे थर शोधण्याच्या कामास भूभौतिक सर्वेक्षण म्हणतात. नंदुरबार जिल्ह्याचा बराचसा भाग दख्खनच्या बेसॉल्ट खडकाने व्यापलेला असून तापीकाठी गाळाचा पट्टा आहे.

भूरचना

बेसॉल्टमध्ये पाणी मुरमात, भेगांत व सच्छिद्र थरांत साठते; घट्ट काळ्या पाषाणात ते जवळजवळ नसते. त्यामुळे एकाच शिवारात एक विहीर भरलेली आणि दुसरी कोरडी आढळते. त्यात नंदुरबार-धुळे परिसरात साधारण पूर्व-पश्चिम धावणाऱ्या डोलेराइट खडकाच्या उभ्या भित्ती, म्हणजेच डाइक, फार आहेत. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा २१० भित्ती नोंदविल्या आहेत. अभंग भित्ती भूजलाच्या वाटेत बांधासारखी उभी राहते व चढाच्या बाजूस पाणी अडते. तीच भित्ती तडकलेली असल्यास पाण्याची वाट ठरते. म्हणून केवळ भित्तीची जागा कळणे पुरेसे नसते.

जमिनीवरील पद्धती

विद्युत रोधकता मापनात जमिनीत चार कांब्या रोवतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडून आतील दोहोंमधील विभवांतर मोजतात. बाहेरील अंतर वाढवीत नेले की अधिक खोलीची माहिती मिळते. ओला मुरूम कमी रोध दाखवितो, घट्ट बेसॉल्ट अधिक. मात्र चिकणमाती व खारे पाणीही कमी रोध दाखवितात, त्यामुळे तापीच्या गाळात कमी आकडा म्हणजे गोडे पाणी असे मानणे धोक्याचे असते. मातीखाली झाकलेल्या भित्ती चुंबकत्वमापकाने सापडू शकतात.

अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगराळ भागात अडचण वेगळीच आहे: मापनासाठी लागणारी लांब, सरळ, सपाट रेषा तेथे सहसा मिळत नाही. वास्तविक पाड्यांवरील कूपनलिका कोरडी गेल्यास तोटा सर्वाधिक तेथेच होतो.

हवाई सर्वेक्षण

या पद्धतीत हेलिकॉप्टरखाली मोठे वेटोळे टांगून त्यातील प्रवाह एकाएकी बंद करतात. त्यामुळे जमिनीत निर्माण झालेले प्रवाह कसे ओसरतात, यावरून थरांची रोधकता काढली जाते. मोठे क्षेत्र थोड्या वेळात पाहता येते. वीजवाहिन्यांजवळची मापने मात्र बहुधा टाकून द्यावी लागतात. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोट क्षेत्रात केंद्रीय भूजल मंडळ व हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने डेन्मार्कमधील आर्हुस विद्यापीठाच्या सहकार्याने अशी पथदर्शी पाहणी केली. तेथेही बेसॉल्ट असल्याने नंदुरबारसाठी ती जवळची तुलना आहे.

दोन्ही पद्धतींचे निष्कर्ष विहिरींची पातळी, खडकाचे नमुने व चाचणी कूपनलिका यांच्याशी ताडूनच स्वीकारले जातात.