चामड्याची वाटी

मिरकरवाडा बंदरात मेकॅनिक म्हटलं की बोटीचं इंजिन. माझे बाबाही तेच काम करायचे. पण पावसाळ्यात बोटी किनाऱ्याला लागल्या की आमच्या पडवीत दुसरंच काम यायचं, छऱ्याच्या बंदुकांचं. मांडवीच्या किनाऱ्यावर फुगे फोडायला देतात त्या बंदुका. फुगेवाल्याचाही धंदा तेव्हा बंदच, म्हणून तो तीन-चार बंदुका आमच्याकडे टाकून जायचा. तक्रार ठरलेली: छर्रा फुग्यापर्यंत जोरात पोचत नाही.

नळी खाली दुमडली की आतली स्प्रिंग दाबली जाते. घोडा ओढला की ती सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा छऱ्याला ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याची छोटी वाटी असते. ती सुकली की हवा कडेनं निसटते, बस्स.

ती वाटी बाबा घरीच करायचे. जाड चामड्याची चकती रापीनं कापायची, रात्रभर कोमट पाण्यात ठेवायची आणि सकाळी पाइपाच्या तुकड्यात बोल्टानं दाबून शेगड्यात आवळून ठेवायची. दोन दिवसांनी ती वाटीसारखी वळलेली निघे. मग काठ पॉलिश पेपरवर घासायचा, अंगठ्यानं चाचपत. जरा जास्त घासलं तर ती वाटी गेली.

हे काम बाबा बंदुकीवर शिकले नव्हते, स्टोव्ह-बत्तीच्या पंपांवर शिकले होते. १८९२ साली स्वीडनमध्ये प्रायमस स्टोव्ह निघाला, १९१० च्या सुमारास बर्लिनला पेट्रोमॅक्स गॅसबत्ती. दोन्हींच्या पंपात हीच वाटी. वीज नव्हती तेव्हा रात्रीचं काम गॅसबत्तीवरच, आणि बत्तीचा पंप हवा धरेना झाला की लोक बाबांना शोधत यायचे. स्टोव्हची वाटी खोबरेलात बुडवली की मऊ पडते, हे आमच्याकडच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

बंदुकीला मात्र तेल बेताचंच. एकदा मी हौसेनं भरपूर तेल ओतलं. छर्रा सुटला तो मोठ्या आवाजानं, आणि नळीतून निळा धूर. मी घाबरलो. बाबा रागावले नाहीत. माझा हात धरून बंदरावर घेऊन गेले आणि एका बोटीच्या इंजिनापाशी उभं केलं. हवा एकदम दाबली की तापते, इतकी की ठिणगीशिवाय तेल पेटतं. १८९७ साली रुडॉल्फ डिझेलनं जर्मनीत यशस्वी करून दाखवलेलं इंजिन याच तत्त्वावर चालतं. तत्त्व मला त्या धुरानं शिकवलं. शाळेत तो धडा आला तेव्हा मला काही नवीन वाटलं नाही.

आता गॅसबत्त्या गेल्या, स्टोव्ह गेले. नव्या बंदुकांत प्लॅस्टिकची वाटी येते, मापाची, आणि ती चांगलीच टिकते. पण फुगेवाल्याच्या जुन्या बंदुकांची नळकांडी झिजून कमी-जास्त झालेली असतात. कारखान्याचं माप त्यात बसत नाही. चामडं तेल पिऊन फुगतं आणि असेल तेवढी जागा भरून काढतं. त्यामुळे त्यांच्यासाठी मी अजून रापी घेऊनच बसतो.