प्लॅटिनमची तसबीर आणि वऱ्हाडचा उन्हाळा

१८९५ चा जानेवारी. अकोल्याच्या स्टेशनाबाहेर कापसाच्या गाड्या ओळीने सुटल्या आहेत आणि धुळीत सरकीचा वास आहे. तुमच्या डोक्यावर पागोटे, खांद्यावर उपरणे, खिशात मुंबईचे तिकीट. भुसावळ, इगतपुरी, थळघाट करत गाडी बोरीबंदरला लागते. तुम्ही चौकशी करत निघता ती शापूर भेडवार यांच्याकडे.

हे पारशी गृहस्थ लंडनला फोटोग्राफी शिकून आलेले. १८९२ साली तिथे निघालेल्या ‘लिंक्ड रिंग’ या मंडळाशी त्यांचे नाव जोडलेले. ‘द फीस्ट ऑफ रोझेस’ या त्यांच्या फोटोमालिकेची वाहवा झालेली. फोटो हे निव्वळ यंत्राचे काम नाही, चित्राइतकाच तो रचणाऱ्याच्या नजरेचा आहे, असे मानणारा हा पंथ. मला तो आवडतो, कारण चेहऱ्याला वेळ द्यावा लागतो हे त्याला ठाऊक होते.

तुम्हाला खुर्चीवर बसवतात. रंगवलेला पडदा नाही, कुंडी नाही. एका बाजूने पडदे सारून उजेड आत घेतलेला. ताठ बसलेले तुम्ही हळूहळू सैल पडता, नजर खिडकीकडे जाते आणि नेमके तेव्हाच भिंगावरचे झाकण उघडते. पागोट्याची कड अंधारात विरते. कपाळ आणि डावा गाल तेवढा उजळतो.

मग छपाई. लोह आणि प्लॅटिनमचे क्षार चढवलेला कागद काचेच्या निगेटिव्हखाली ठेवून उन्हात धरतात. बाहेर काढला तर त्यावर पिवळसर, पुसट काहीतरी असते. पोटॅशियम ऑक्झलेटच्या द्रावणात सोडताच तुमचा चेहरा एकदम काळाभोर उमटतो. नंतर सौम्य आम्लाच्या पाण्यात धुऊन उरलेले लोह काढून टाकतात. चांदीच्या फोटोवर असतो तसा अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर इथे नाही, प्लॅटिनम थेट कागदाच्या तंतूंत बसलेले. म्हणून चकाकी नाही.

डिसेंबर १८९७. तसबीर लेकीबरोबर अमरावतीला, तिच्या सासरी आली आहे. गावात काँग्रेसचे अधिवेशन, अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताची धुरा दादासाहेब खापर्ड्यांकडे. घर पाहुण्यांनी भरलेले. कोणी तसबिरीपुढे थांबतो आणि म्हणतो, ‘हे तर हाताने काढलेले दिसते!’

पुढची वर्षे भराभर जातात. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर चढतो आणि कागद वाळतो. जुलैत भिंतीला ओल येते, तोच कागद फुगतो. वर्षानुवर्षे हेच. मागे लावलेला हलका पुठ्ठा आम्ल सोडत राहतो. पुढे घरात कूलर येतो आणि तसबीर नेमकी त्याच्या समोरच्या भिंतीवर असते. शेवटी ती उतरवून कागदात गुंडाळून फडताळात जाते.

आज फडताळ उघडा. भिंग घ्या. चेहरा जसाच्या तसा आहे, काळा रंग कुठे उतरलेला नाही, कारण प्लॅटिनम सहसा विटत नाही. खंगला आहे तो कागद. उजवा कोपरा बोट लावताच तुटेल इतका ठिसूळ, कडेला कसरीने खाल्लेले, कपाळावर तांबूस ठिपके. आता वर गुंडाळलेला कागद टाकून देऊ नका, उलटा करून उजेडात धरा. त्यावर तुमचा चेहरा आहे, फिक्या तपकिरी रंगात, डावा गाल उजवीकडे गेलेला. प्लॅटिनमच्या संगतीने कागद लवकर पिकतो. जिथे चेहऱ्याची सावली गडद, तिथे समोरचा कागदही जास्त तपकिरी झाला. प्लॅटिनमचा छाप ओळखायची ही फार खात्रीची खूण.

अकोला-अमरावतीच्या जुन्या वाड्यांत अशी एखादी तसबीर अजून असू शकते. ती मिळाली तर ओल्या फडक्याने पुसू नका, लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. स्कॅन झाला म्हणून मूळ प्रत रद्दीत घालू नका. आम्लविरहित कागदात, आडवी, बाहेरच्या भिंतीपासून आणि कूलरपासून दूर ठेवा. मागच्या बाजूला नाव-साल असेल तर आधी त्याचा फोटो काढा, आणि तो तपकिरी पडलेला कागदही जपून ठेवा.